जित्या माणसाचं माप

केवळरामचा स्वभावच असा, की प्रत्यक्ष देव समोर येऊन 'काय पाहिजे ते माग' म्हणाला असता, तरी यानं आधी देवाचे पाय उलटे तर नाहीत ना ते पाहिलं असतं. वैनगंगेच्या काठच्या त्या ढिवरटोलीत त्याच्याइतकं घट्ट जाळं कोणी विणत नव्हतं आणि त्याच्याइतकं कमी कोणी बोलत नव्हतं. मासळी घेणारा व्यापारी तराजू उचलायचा तेव्हा बाकीचे काट्याकडे पाहत, केवळराम व्यापाऱ्याच्या करंगळीकडे पाही. संशय घ्यायचा, पण बोलून दाखवायचा नाही, ही त्याची रीत होती. बाहेरच्यांशी तशी आणि घरातही तशीच.

घरात आई इंदिराबाई आणि बायको प्रेमिला. संसाराला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यात दोन वर्षांपूर्वी प्रेमिलाच्या गळ्याला गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, आणि आता चांगली भरताच्या वांग्याएवढी होऊन ती गळ्यात ठाण मांडून बसली होती. श्वास घेताना घुर्र घुर्र आवाज येई. पाण्याची गुंडी उचलून चार पावलं चालली की ती खाली ठेवून प्रेमिला गुडघ्यांवर हात टेकून उभी राही. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपे. वैद्याचा लेप झाला, पुजाऱ्याचं लिंबू झालं, पण गाठ काही हटली नाही.

एक दिवस चुलीपुढं बसून इंदिराबाई मुलाला म्हणाली, "वडशाकडं एक पोरगी हाय. हिचं आता काई खरं नाई. तू पाहून तं ये एकखेप."

प्रेमिला तिथंच तांदूळ निवडत होती. केवळराम काहीच बोलला नाही. त्याच्या हिशेबी न बोलणं म्हणजेच नाही म्हणणं. जे करायचंच नाही त्याच्यासाठी तोंड कशाला शिणवायचं? पण हे त्याच्या मनात होतं, आणि मनातलं कोणाला दिसतं? पंधरा दिवसांनी त्यानं प्रेमिलाला डोंग्यात बसवून नदी उतरवली आणि पलीकडून बैलगाडीनं ब्रह्मपुरीच्या बाजूला एका दवाखान्यात आणलं. तेव्हाही 'चाल' या एका शब्दापलीकडे त्यानं तिला काही सांगितलं नाही.

ते साल सत्तावन. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, पण त्या दवाखान्याला त्याची खबर लागलेली दिसत नव्हती. बारा खाटा, एक कंदील आणि सुगंधाबाई नावाची तोंडाची फटकळ नर्स, एवढा त्याचा पसारा. कापाकापी करणारे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा नागपूरहून येत. त्यांनी प्रेमिलाला तपासलं आणि केवळरामला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, "गाठ श्वासाच्या नळीला दाबते आहे. काढली नाही तर बाई पावसाळा पाहणार नाही. काढतानाही जोखीम आहे. परवा गुरुवारी करू. भूल द्यायला गुणवंतराव येताहेत, ते असले तरच मी अशा गळ्याला हात लावतो."

हे गुणवंतराव बुधवारी सकाळच्या छोट्या गाडीनं उतरले. उंच, जरा पोक आलेला माणूस. कपड्यांना गोडसर, डोकं जड करणारा वास. हातात पत्र्याची एक पेटी, ती त्यांनी स्टेशनपासून कोणाला उचलू दिली नव्हती. आणि गडी बोलत नव्हता. नमस्कार केला तर मान हलवायची, बस. केवळरामला कमी बोलणाऱ्या माणसाचा फार संशय येई. कमी बोलण्यात काय काय दडवता येतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

गुणवंतराव प्रेमिलाच्या खाटेशी आले. चांद्याहून काढून आणलेला मानेचा क्ष-किरण फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. मग पेटी उघडली. आत तांबड्या रबराच्या नळ्या होत्या, काही अंगठ्यासारख्या जाड, काही बोरूसारख्या बारीक. त्यांनी प्रेमिलाची करंगळी हातात घेतली आणि एकेक नळी तिच्याशेजारी धरून पाहिली. फोटोकडे पाहिलं, पुन्हा करंगळीकडे पाहिलं, जाड नळ्या परत टाकल्या आणि एक बारीक नळी वेगळ्या फडक्यात गुंडाळली. नंतर पांढऱ्या कापडाची फीत काढली. तिला तोंड उघडायला लावून फितीचं टोक तिच्या पुढच्या दातांना लावलं, तिथून फीत गालावरून कानाच्या पाळीपर्यंत नेली, तिथून वळवून गाठीच्या खाली, गळ्याच्या खाचेपर्यंत. दोन्हीकडून कात्रीनं कच् कच् सरळ कापली. कापलेला तुकडा टाचणीनं खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदाला टोचला आणि एक शब्द न बोलता ते निघून गेले.

केवळराम खाटेपासून दोन पावलं मागे सरला.

त्यांच्या टोलीत जित्या माणसाचं माप घेत नसत. माप घ्यायचं ते मढ्याचं. माणूस गेलं की दोरी लावायची आणि त्या मापानं तिरडीचे बांबू तोडायचे. बायका चोळीसुद्धा जुन्या चोळीवरून बेतून घेत, अंगाला फीत लावू देत नसत. चुकून कोणी घेतलंच जित्याचं माप, तर त्यावर एक उतारा होता. ज्याला ते माणूस सगळ्यांत जास्त हवंय, त्यानं ते माप दातांनी बोटभर चावून तोडायचं आणि तो तुकडा पाण्यात बुडवायचा. मग मरण ते माप घेऊन येतं, माणसाला लावून पाहतं, बोटभर तोकडं भरतं, आणि माणूस चुकला असं समजून हात हलवत परत जातं. पण अटी कडक होत्या. ज्याचं माप, त्यानं ते चावलं जाताना पाहता कामा नये. ज्याचं त्यानं चावलेलं लागू पडत नाही. आणि चावणाऱ्यानं ते कधी कोणाला सांगायचं नाही. तोंडातून निघालं की मरण ऐकतं आणि उरलेलं बोट शोधत येतं.

केवळराम त्या फितीकडे टक लावून बसला. फीत वाऱ्यानं हलली की तो अर्धा उठे. बाजूच्या खाटेवर रामाजी नावाचा धानपट्ट्यातला शेतकरी होता, त्याचं अंतर्गळाचं ऑपरेशन गेल्या खेपेला झालं होतं. त्याचा भाऊ मुखरू सोबतीला राहिला होता. मुखरूला दुसऱ्याच्या खाटेवर काय चाललंय यात भारी गोडी.

"तुमच्या बाईचं माप घेतलं काय जी?" मुखरूनं विचारलं.

केवळरामनं मान हलवली.

"माह्या भावाचं नाई घेतलं. त्याचं तं पोट फाडलं, तरी फीत नाई लावली. नुसती जाळी धरली तोंडावर न् थेंब थेंब दवा टाकली. मंग तुमच्याच बाईचं काऊन?" मुखरू जवळ सरकला. "मी आयकलं हाय, तिकडं शहरात डॉक्टरीच्या पोरायले शिकायले मढी लागते. कोणाचं जवळचं माणूस नाई, लेकरू नाई, असं पाहून घेते म्हणे. आता खरं खोटं देव जाणे."

मुखरूनं आगीत तेल ओतलं आणि तो तंबाखू मळायला बाहेर गेला. लेकरू नाही, हे त्या पेटीवाल्याला कसं कळलं असेल, याचा केवळराम विचार करत बसला. कागदावर लिहिलं असेल. कोणी सांगितलं? सुगंधाबाईनं विचारून घेतलं होतं की पहिल्या दिवशी, 'लेकरं किती?' म्हणून. म्हणजे बाईही सामील. संशयाचं असं असतं, एक धागा सापडला की सबंध जाळं विणून होतं.

दुपारची जेवणं झाली. प्रेमिला उशीला टेकून बसल्या बसल्या पेंगली. सुगंधाबाई आतल्या खोलीत चिमटे उकळत होती. केवळराम उठला, कागदाशी वाकला, जणू लिहिलेलं वाचतो आहे, आणि अक्षरओळख नसलेल्या त्या माणसानं फितीचं एक टोक तोंडात धरून कचकन चावलं. एक बोट, बरोबर एक बोट. जाळ्याची घरं बोटावर मोजणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. तुकडा गालात धरून तो दवाखान्यामागच्या बोडीवर, तिथल्या लहान तळ्यावर, गेला, पाण्यात कमरेपर्यंत उतरला आणि तुकडा दगडाखाली दाबून आला. परत आला तेव्हा प्रेमिला जागी होती आणि भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. उद्याच्या सुरीला भ्याली असेल, असं त्याला वाटलं. धीराचे दोन शब्द बोलावे असं मनात आलं, पण बोलण्याच्या नादात भलतंच तोंडातून निसटलं तर? तो गप्प राहिला.

गुरुवारी सकाळी सुगंधाबाईनं हाक मारली, "केवळरामभाऊ, चला, आंगठा द्या. कागदावर आंगठा दिल्याबिगर काई होत नाई इथी."

ऑपरेशनच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तिथं टेबलावर गुणवंतराव काम करत होते. फडक्यावर ती बारीक तांबडी नळी सरळ करून ठेवलेली, शेजारी कात्री. सुगंधाबाईनं केवळरामचा अंगठा शाईत दाबून कागदावर उमटवला आणि खाटेवरून आणलेल्या कागदाची टाचणी काढून फीत गुणवंतरावांपुढे ठेवली. त्यांनी ती टोकांकडे न पाहताच उचलली, मोठ्या डॉक्टरांनी आतून काही विचारलं त्याला उत्तर दिलं, आणि फीत नळीला लावून कात्री हातात घेतली.

केवळरामला राहवलं नाही. "हे काय होय जी?"

गुणवंतरावांनी मान वर केली. हा माणूस पहिल्यांदाच बोलतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. कात्री तशीच धरून ते म्हणाले, "ही नळी तिच्या तोंडातून श्वासाच्या वाटेत घालायची आहे. भूल दिली की माणसाचा गळा सैल पडतो. त्यात तिची वाट आधीच गाठीनं चेपलेली. ही नळी आत असेल तेवढीच तिला हवा मिळेल, दुसरी वाट नाही."

"मंग हीच काऊन? त्या दुसऱ्या..."

"जाड घातली तर बसणार नाही, रेटली तर आतून सुजेल. याहून बारीक घातली तर हवा पुरणार नाही. ही या जाडीची एकच आहे माझ्याकडे, कालपासून दहा वेळा लावून पाहिली." मग त्यांनी फितीवर बोट ठेवलं. "आणि हिची लांबी. फार लांब राहिली तर एकाच फुफ्फुसात शिरेल. तोकडी पडली तर गाठीच्या वरच अडकेल. डॉक्टर गाठ ओढतील तेव्हा खालची वाट चपटी होईल, आणि बाई माझ्या डोळ्यांसमोर घुसमटून मरेल. म्हणून माप घेतलं. एकदा कापली की जोडता येत नाही."

एवढं बोलून त्यांनी नळी उजेडात धरली, आरपार पाहिली, फडक्यानं पुसली आणि पुन्हा फितीला लावली. कापण्याआधी पुन्हा एकदा बोटानं सरळ केली.

केवळराम त्यांच्या बोटांकडे पाहत होता. जाळं विणताना घरं सारखी यावी म्हणून तो बांबूची एक पट्टी वापरी, आणि ती पट्टी तासताना त्याची बोटं अशीच चालत. थोडं तासायचं, लावून पाहायचं, पुन्हा उजेडात धरायचं. ज्याला माणूस मारायचंय तो कशाला इतकं बारीक पाहील? पण लगेच दुसरं मन म्हणालं, खाटीकही सुरी नीट पारखूनच घेतो. बोलावं तर उतारा मोडतो, मरण ऐकतं आणि राहिलेलं बोट घेऊन येतं. न बोलावं तर नळी तोकडी पडते आणि मरणाला यायचीही गरज नाही, ते इथंच कात्रीच्या पात्यात बसलेलं आहे. बापजाद्यांचं खरं की या पेटीवाल्याचं खरं? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथं निदान माणूस आपण उडी मारतो. इथं उडी मारायची होती प्रेमिलानं आणि ढकलायचं होतं यानं.

कात्रीचं पातं रबराला लागलं.

"थांबा!" केवळराम ओरडला. एवढ्या मोठ्यानं तो आयुष्यात बोलला नव्हता. "नोका कापू! फीत तोकडी हाय. मी चावली. एक बोट चावली मी."

सुगंधाबाईच्या हातातला वाडगा खाली पडला. गुणवंतरावांनी कात्री टेबलावर ठेवली, फार हळू ठेवली. मग त्यांचा चेहरा तांबडा झाला. "चावली? का?"

केवळरामनं सांगितलं. शब्द सापडत नव्हते, तरी सांगितलं. तिरडीची दोरी, उतारा, बोडीतला दगड, सगळं. प्रत्येक शब्दासरशी आपण प्रेमिलाचं कवच काढून टाकतो आहोत असं त्याला वाटत होतं.

"गाढवा, तुझ्यासारख्यांमुळे..." गुणवंतराव बोलता बोलता थांबले. त्यांनी खोल श्वास घेतला. "एक बोट ना? नक्की एकच? मग बोटभर वाढवून धरतो."

त्यांनी फीत नळीवरून काढून टेबलावर सरळ केली. केवळरामनं वाकून पाहिलं. फितीचं त्यानं चावलेलं टोक विस्कटलेलं होतं, ते बरोबर. पण दुसरं टोकही विस्कटलेलं होतं. काल ते कात्रीनं सरळ कापलेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. धागे लोंबत होते, आणि त्यांवर दातांच्या खुणा होत्या.

"हे मी नाई चावलं जी," तो म्हणाला. "मी एकच टोक चावलं. हे दुसऱ्या कोणाचं हाय. एक बोट वाढवून नाई भागणार."

गुणवंतराव मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे तुझ्यावर भरवसा ठेवून बोटभर वाढवली असती तरी मी तिला मारलंच असतं."

"उंदीर असंल," सुगंधाबाई म्हणाली.

"उंदीर कुरतडते, अशी मोजून नाई चावत," केवळराम म्हणाला.

कोणी चावली याचा शोध घ्यायला वेळ नव्हता. गुणवंतराव नवी फीत घेऊन खाटेशी गेले, पण प्रेमिलानं ती पाहिली मात्र, तोंड घट्ट मिटलं आणि मान भिंतीकडे फिरवली. सुगंधाबाईनं समजावलं, रागावलं, हनुवटी धरली. प्रेमिलाचा श्वास चढला, घुरघुर वाढली, ओठ काळेनिळे पडायला लागले. गुणवंतरावांनी सुगंधाबाईला मागे ओढलं.

"जबरदस्ती नको, इथंच जीव जाईल." त्यांनी फीत केवळरामच्या हातात दिली. "तू घे माप. जाळी विणतोस ना? मी पाहतो. दातांपासून पाळी, पाळीपासून गळ्याची खाच. आणि तिला आता दुसरं काही सांगत बसू नकोस, तिला बोलायला लावू नकोस."

ज्या हातानं काल उतारा केला त्याच हातात फीत. आपल्या बायकोचं, जित्या बायकोचं माप नवऱ्यानं घ्यायचं! टोलीत कळलं असतं तर त्याला पाणवठ्याशी उभं राहू दिलं नसतं. तो खाटेवर बसला. "प्रेमिला," तो म्हणाला, "तोंड उघड."

प्रेमिलानं मान वळवली. तिनं त्याच्या हातातली फीत पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती नजर त्याला झेपेना, पण कशाची आहे तेही कळेना. मग तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

त्यानं माप घेतलं. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदा ताडून पाहिलं. गुणवंतराव नुसते मान डोलावत होते. त्यांनी फीत कापली आणि स्वतःच्या मुठीत धरून आत नेली. यावेळी ती त्यांनी कुठं टोचली नाही.

दोन तास केवळराम ओसरीवर बसून होता. त्या दोन तासांत त्यानं साऱ्या दवाखान्याचे दात तपासले म्हणा ना. मुखरू जांभई द्यायला लागला की हा त्याच्या तोंडात डोकावे. मुखरूचे पुढचे दोन दात पडलेले होते, म्हणजे तो नाही, पण रामाजीचे होते की शाबूत. आपल्यावरचं मरण शेजारच्या खाटेवर लोटायला त्यानं काही केलं नसेल कशावरून? झाडूवाल्या लच्छूचे दात पानानं रंगलेले, फितीवर डाग नव्हता, म्हणजे तोही नाही. सुगंधाबाईचे दात ठणठणीत होते. उताऱ्यासाठी चावायचं तर प्रेमिलावर जीव असलेलं माणूस पाहिजे, आणि तसं इथं दुसरं कोण होतं? म्हणजे ज्यानं चावली त्यानं वैरानंच चावली. केवळरामनं मुठी आवळल्या. बाई जगो, मग एकेकाला पाहतो.

दार उघडलं आणि गुणवंतराव बाहेर आले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. "निघाली गाठ," ते म्हणाले. "नळी गाठीच्या खाली जेमतेम अर्धं बोट गेली होती. आधीच्या मापानं वरच राहिली असती." आणि मग त्यांनी केवळरामच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच. "माप चांगलं घेतोस."

केवळराम ओसरीच्या खांबाला धरून रडला. मुखरूनं ते पाहिलं आणि बाई गेली असं समजून तोही रडायला लागला, तेव्हा सुगंधाबाईनं दोघांनाही झापलं.

दोन दिवस प्रेमिलाला बोलायची मनाई होती. तिसऱ्या दिवशी घोगरा का होईना, आवाज फुटला. ती आडवी झोपली होती, उशीवर डोकं टेकून, दोन वर्षांनी पहिल्यांदा. केवळराम तिला चमच्यानं पेज भरवत होता आणि त्याला राहवत नव्हतं. शेवटी त्यानं सांगून टाकलं.

"इथी तुह्यावर कोणीतरी डाव धरून हाय. तुही फीत चावली कोणी. डॉक्टरनं तशीच नळी कापली असती तं तू गेली होती. मी शोधून काढतो. मले रामाजीचा शक हाय. नाई तं ती सुगंधाबाई. मुखरूले बोलतं करतो मी..."

"रामाजीले काई म्हणू नोका," प्रेमिला म्हणाली. "मीच चावली."

चमचा वाटीतच राहिला. "तू?" तो म्हणाला. "आपलं आपण चावलेलं लागू नाई पडत."

"मालूम हाय मले."

"मंग काऊन चावली?"

प्रेमिला छताकडे पाहत बोलली. थांबत थांबत, घसा दुखत होता. "सकाळपासून तुम्ही चावाल म्हणून वाट पाहून राह्यली होती. तुम्ही नुसते त्या फितीकडं पाहत बसले. मंग माहा डोळा लागला. उठली तं तुम्ही नव्हते. मले वाटलं, हा माणूस नाई चावत आता. घरी कोणाले मी पाहिजे नाई. मंग हाती आलं ते टोक चावलं मीच, लागू पडो न पडो."

तो बोडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, तेव्हाची ही गोष्ट. त्यानं पेटीवाल्याचा संशय घेतला, नर्सचा घेतला, झाडूवाल्याचे दात पाहिले. आणि जिच्यासाठी हे सारं चाललं होतं तिला संशय होता एकाच माणसाचा. केवळरामच्या तोंडून एवढंच निघालं, "मंग त्या दिवशी मी माप घेतलं तवा..."

"तवा वाटलं, ठरलं याचं," प्रेमिला म्हणाली. "आपल्या हातानं मोजून राह्यला."

"तरी तोंड उघडलं तू?"

"तुम्हीच मोजून राह्यले होते ना," ती म्हणाली. "मंग मी दुसऱ्या कोणापाशी जाऊ?"

केवळरामनं वाटी खाली ठेवली. तो खाटेशी जमिनीवर बसला, तिचा हात धरला आणि म्हणाला, "आईनं त्या पोरीचं काढलं ना, तवा मी बोललो नाई. तेथून सांगतो." आणि तो सांगायला लागला, चुलीपुढच्या त्या दिवसापासून. आठ वर्षांत तो एवढं बोलला नव्हता. शब्द सापडेनात तेव्हा मध्येच थांबायचा, आणि तो थांबला की प्रेमिला घोगऱ्या आवाजात म्हणायची, "मंग?"